भाचीला भेटले, उचलून न घेता

विमानात बसायच्या आदल्या रात्री ताईचा मेसेज आला, भलामोठा, आणि त्यात लवकर ये बिये काही नाही, सरळ सूचना. बाळाला उचलून घ्यायचं नाही. दूध पाजायचं नाही, भरवायचं नाही, आंघोळ नाही, झोपवायचं नाही. ती आपणहून आली तर खेळ, पण मांडीवर चढायला लागली तर मला हाक मार. मी वाचून आधी हसले आणि मग जाम चिडले. अगं इतकी वर्षं तुमच्याबरोबर मीपण वाट बघितलीये, तुमच्या दत्तकाच्या फाईलमध्ये नातेवाईकाचं पत्र लागतं ते मी लिहून दिलंय, आणि आता मीच हात लावायचा नाही?

(बाळाचं नाव आणि ती कुठल्या देशातून आली ते मुद्दाम लिहीत नाहीये. तिची गोष्ट आहे, मोठी झाल्यावर कोणाला किती सांगायची ते ती ठरवेल.)

वाट बघणं म्हणजे काय ते परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्यांनाच कळतं. १९९३ चा हेग करार आहे, त्याप्रमाणे आधी मुलासाठी त्याच्याच देशात घर शोधायचं, ते नाहीच मिळालं तर मग बाहेरचा विचार, आणि त्यानंतरसुद्धा दोन्ही देशांची केंद्रीय ऑफिसं हो म्हणेपर्यंत मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं नाही. त्यामुळे फोटो येतो, मेडिकल रिपोर्ट येतो, आणि मग पुढे नुसती शांतता, बाळ तिकडे वाढतंय आणि इकडे आणलेले कपडे लहान होतायत. ताई वैतागायची पण नियमांना कधी नावं ठेवली नाहीत तिने, कारण नियम नव्हते किंवा होते पण कोणी पाळत नव्हतं तेव्हा काय झालं ते तिने वाचलं होतं. दक्षिण कोरियातून गेलेल्या मुलांची कागदपत्रं खोटी केली गेली होती, आईवडील असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं होतं, हे तिथल्या सरकारी आयोगानेच २०२५ मध्ये सांगितलं. आता तर हा रस्ताच अरुंद होत चाललाय. अमेरिकेत २००४ मध्ये बाहेरून जवळजवळ २३ हजार मुलं दत्तक आली होती, २०२३ मध्ये तेराशेसुद्धा नाहीत. चीनने २०२४ मध्ये अगदी जवळच्या नातेवाईकांचा अपवाद सोडून परदेशी दत्तक बंदच केलं.

असो. तर मी पोचले. हॉलमध्ये जमिनीवर ताई आणि तिच्यासमोर बाळ, अकरा महिन्यांचं पण दिसायला आठ महिन्यांचं. (अनाथालयासारख्या संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे साधारण महिन्याभराची वाढ मागे पडते असं या मुलांना तपासणारे डॉक्टर सांगतात, घरी आल्यावर भरून निघते बरीचशी.) मी सांगितल्याप्रमाणे लांब बसले, हात मांडीवर, शहाण्यासारखी. तिने मला पाहिलं आणि भराभरा रांगत सरळ माझ्याकडेच आली, गुडघ्याला धरून उभी राहिली, गोड हसली आणि दोन्ही हात वर केले. घे म्हणून. काय सांगू, त्या क्षणी तो मेसेज बिसेज गेला खड्ड्यात असं वाटलं! पण तेवढ्यात ताई उठून आली, तिला उचललं, "मावशी आहे ही, मावशीला हाय कर, आणि तू आईकडे" असं म्हणून घेऊन गेली. आणि बाळ? काहीच नाही. माझ्याकडे जितकं हसून आली तितकंच हसून तिच्याकडे गेली. फरकच नाही.

रात्री ताईने सांगितलं की तिला स्वतःला झोप येत नाही ती यामुळे. सात-आठ महिन्यांचं मूल अनोळखी माणूस दिसला की बिचकतं, आईला बिलगतं, ते व्हायलाच हवं. ही कोणालाच बिचकत नाही. कुरिअरवाल्याकडे हात करते. तिकडे शिफ्ट बदलली की सांभाळणारी बाई बदलायची, त्यामुळे जो समोर येईल त्याला हसून दाखवायचं हे ती शिकलीये. आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर सगळे म्हणतात किती गुणी ग, सगळ्यांकडे जाते, अजिबात रडत नाही, आणि ताई कसंनुसं हसते. दुपारी झोपून उठली तरी आवाज नाही, पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडून असते, कारण रडून कोणी येत नाही हे मुलांना फार लवकर कळतं. म्हणून ताई मॉनिटरकडे बघत बसते आणि ही नुसती हलली तरी धावत जाते. म्हणजे हाक मारली नाही तरी हजर, मग कधीतरी हाक मारेल.

बाटलीचं तर बघवत नाही. बाळ बाटली हिसकावून घेते, आडवी होते, दोन्ही तळपायांत बाटली धरते आणि तोंड भिंतीकडे फिरवून गटागट पिते, ती कधी काढून घेतली जाईल याचा नेम नसल्यासारखं. ताई दर वेळी तिला उचलून मांडीवर घेते, बाटली स्वतःच्या गालाजवळ धरते म्हणजे नजर वर जाईल. बाळ छताकडे बघते, पंख्याकडे बघते, ताईच्या शर्टाच्या बटणाकडे बघते. डोळ्यांत सोडून सगळीकडे. आणि मग शेवटचे चार घोट राहिले की एकदा, चुकून बघितल्यासारखं, वर. ताई तेवढ्यासाठी दिवसातल्या सगळ्या बाटल्या स्वतःच पाजते, जिजूंची फक्त रात्रीची.

२००० साली रोमेनियात, बुखारेस्टमध्ये अनाथालयातल्या १३६ मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला, निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून कुटुंबांत ठेवलं. कुटुंबात गेलेली मुलं कितीतरी जास्त सावरली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली तर आणखी चांगली. ताईला हे पाठ आहे. मला म्हणाली, आपल्या हातात वेळ आहे ग, पण खूप नाहीये, म्हणून सध्या तिच्या जगात दोनच माणसं ठेवायची, बाकी सगळे नंतर.

मग मावशीने काय केलं? भांडी घासली. स्वयंपाक, केर, बाजार, कपडे. कपड्यांत एक कळकट ब्लँकेट होतं, मी ते मशीनमध्ये टाकणार एवढ्यात ताई अशी किंचाळली की बाप रे. ते तिकडून तिच्याबरोबर आलंय, धुवायचं नाही, त्याला तिथला वास आहे. तिथल्या एका बाईचा आवाजही फोनवर रेकॉर्ड करून आणलाय, झोपवताना ती जे गुणगुणायची ते. आम्हाला एक अक्षर कळत नाही, पण ते लागलं की बाळाचं अंग सैल पडतं. ते काही वाया जाणार नाही म्हणे. नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तक मुलांना मोठेपणी कोरियन आवाज शिकवले तर ती इतरांपेक्षा लवकर शिकली, अगदी सहा महिन्यांची व्हायच्या आत तो देश सोडलेलीसुद्धा! २०१७ चं संशोधन आहे. मला हे इतकं आवडलं की माझं ते सगळ्या मैत्रिणींना सांगून झालंय.

आणि मग माझं परतायचं जवळ आलं तेव्हाची गोष्ट. बाहेर पाऊस होता, मी दूध घेऊन आले, डोक्यावर जॅकेटची टोपी, दार उघडलं आणि समोर बाळ. तिने मला बघितलं, ओठ काढला, आणि जे भोकाड पसरलंय! वळली आणि ताईच्या पायाला गच्च चिकटली, ताईने उचललं तर मानेत तोंड खुपसलं, एक डोळा माझ्यावर आणि परत आत. ताई ओरडतेय, "रडली! अगं तुला बघून रडली!" लगेच जिजूंना ऑफिसात फोन, स्पीकरवर, पाठीमागे हे रडणं, आणि तिकडून जिजू विचारतायत, "कोणाकडे गेली? तुझ्याकडेच ना? नक्की?" मी दारात तशीच उभी, बूट ओले, माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाहीये.

संध्याकाळी जिजू घरी आले आणि बूट काढायच्या आधी मला म्हणाले, परत एकदा टोपी घालून बाहेर जाऊन येशील का, मला बघायचंय.

गेले मी. काय करणार.