शनिवारची केळी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक म्हणून माझी ड्युटी कान्हेरी लेण्यांच्या बाजूला असायची, तेव्हाची गोष्ट. गर्दी रविवारी जास्त, पण मला धास्ती शनिवारची. शनिवार मारुतीचा. पहिल्या बसमधून माणसं उतरतात तीच केळी, फुटाणे, बिस्किटांचे पुडे घेऊन. 'प्राण्यांना खाऊ घालू नका' ही पाटी अगदी समोर आहे, पण तिच्यावर माकडंच बसलेली. निम्मी अक्षरं शेपटीआड.

त्यातल्या एका नराला आम्ही कानफाट्या म्हणायचो. डावा कान खरोखरच फाटलेला, म्हणजे नाव उगीच पडलं नव्हतं. फुटाणे मिळाले की तो चावत बसत नसे. गालांच्या पिशव्या गच्च भरायचा, तोंड दोन्हीकडून सुजल्यासारखं दिसायचं. मग वर फांदीवर जाऊन हाताच्या पाठीने गाल दाबत एकेक दाणा तोंडात घ्यायचा. बघायला गंमत वाटते, खोटं कशाला बोलू. नवीन होते तेव्हा मीही माझ्या डब्यातली अर्धी चपाती एका पिल्लाला दिली होती. साहेबांनी पाहिलं असतं तर माझीच पावती फाडली असती.

त्या शनिवारी साडेनऊच्या सुमाराला एक काका पायऱ्यांवर बसून केळी सोलत होते. समोर कानफाट्या. काका त्याच्या हातात केळं ठेवायचे आणि स्वतःच्या कपाळाला हात लावायचे.

"काका, बंद करा. पावती करावी लागेल."

"अहो मॅडम, शनिवार आहे. मारुतीरायाला नाही म्हणू?"

"देवळात द्या ना."

"देवळातला खातो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याचं होतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 27 मध्ये प्राण्यांना छेडू नये, कचरा करू नये असं लिहिलंय, तेच मी नेहमीच्या सुरात म्हणून दाखवलं. काका म्हणाले, "मी छेडतोय? उपाशीपोटी जिवाला घालतोय." जंगलात उंबर आहे, किडे आहेत, पाला आहे, माकड उपाशी नसतं, हे मी सांगितलं. ते हसले, पैसे दिले, पावतीची नीट घडी घालून पाकिटात मारुतीच्या फोटोमागे ठेवली. उरलेली केळीही पिशवीत गेली. मला वाटलं, झालं काम.

अकराला एका शाळेची सहल आली. बाई कडक होत्या, खाली उतरायच्या आधीच डबे दप्तरात कोंबायला लावले होते. रांगेत मागे राहिलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन चालली होती. पिशवी चुरचुरली. माझ्या कानांना तो नुसता आवाज, कानफाट्याला तो वेफर्सचा पुडा. कठड्यावरून उतरून त्याने पिशवी धरली. मुलीने सोडली नाही. कशी सोडेल, पिशवी तिची होती. तो क्षणभर तोंड वासून तिच्याकडे रोखून बघत राहिला, ती बिचारी हसली, आणि त्याने पोटरीला दात लावले.

पिशवीत स्वेटर होता. नुसता स्वेटर.

मी काठी आपटली, तो पिशवी घेऊन वर. मुलीला उचलून उपाहारगृहाच्या नळाखाली नेलं. साबण मागितला तर भांड्याची वडी मिळाली, तीही चालते. जखम दाबायची नाही, बांधायची नाही, हळद लावायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. एका बाईंनी पर्समधून चुना काढलाच होता, त्यांना थांबवलं. दोन दात खोल गेले होते, त्यामुळे जखमेत रेबीजविरोधी सीरम लागणार हे उघड होतं. लसही चार वेळा: त्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. हे मी शाळेच्या बाईंना हळू आवाजात सांगत होते, पण पोरीने ऐकलंच.

"चारही सुया पायातच?"

"नाही गं, दंडात."

ती यावर विचार करत बसली. रडली नाही. माझा हात मात्र थरथरत होता आणि वडी सारखी निसटत होती.

तेवढ्यात गर्दीतून काका पुढे आले. काही न विचारता खाली बसले, पोरीची टाच तळहातावर घेतली आणि पाय नळाखाली स्थिर धरला. केळ्यांची पिशवी खांद्याला तशीच. विभागाची गाडी गेटवरून निघाली होती, यायला वेळ होता. समोरच्या झाडावर कानफाट्या स्वेटरची बाही दातांनी ओढून बघत होता.

काकांनी एकदा वर पाहिलं. फाटका कान त्यांनाही दिसला असणार.

"तोच का?"

"हो."

पाणी वाहत होतं. पोरीने विचारलं, झालं का? काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"अजून चार मिनिटं, बाळा."