जाकीट घातलं होतं का?

इटलीतल्या लातिना शहरात एका वकीलबाईंच्या कचेरीत मी काम करते. हुद्दा सहायकाचा. प्रत्यक्षात भारतीय अशिलांची कागदपत्रं गोळा करायची, त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात, पोलिसांकडे, विमा कंपनीच्या डॉक्टरकडे जायचं आणि कोण काय म्हणतंय ते दोन्हीकडे पोचवायचं, हे काम. मी मूळची सांगलीची. पंजाबी इथे येऊन शिकले, कारण या जिल्ह्यात मराठी माणूस शोधावा लागतो आणि पंजाबी माणूस शेताशेतात भेटतो.

रोमच्या दक्षिणेची, समुद्रालगतची ही जमीन पूर्वी दलदलीची होती, मलेरियासाठी बदनाम. मुसोलिनीच्या राजवटीत 1930च्या दशकात तिचा निचरा केला, 1932 मध्ये लातिना वसवलं, 1934 मध्ये साबाउदिया. सगळा प्रदेश पट्टीने आखल्यासारखा आहे. एकमेकांना समांतर, सरळसोट रस्ते. त्यांना ‘मिल्यारा’ म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. कडेला पाण्याचा चर, वारा अडवायला नीलगिरीच्या रांगा, आणि मग नजर पोचेल तिथवर पॉलिहाऊस. कलिंगड, झुकिनी, मुळा, सॅलडची पानं. तिथे राबणारे बरेचसे मजूर शीख. पहाटे अंधारात सायकलवरून जातात, हिवाळ्यात अंधारातच परततात. रस्त्याला दिवे नाहीत, आणि डांबर संपलं की लगेच चर. सरळ रस्ता मिळाला की गाडीवाला पाय उचलत नाही, हे काही इटलीचंच वैशिष्ट्य नव्हे.

ऑक्टोबर 2010 पासून इथे नियम आहे. गावाच्या हद्दीबाहेर, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत सायकलस्वाराने प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, नाहीतर खांद्यावरून घ्यायचे तसले पट्टे घातलेच पाहिजेत. बोगद्यात शिरलात तर भर दुपारीसुद्धा. वाहतूक कायद्याचं कलम 182, पोटकलम 9-बिस. फ्रान्सने असाच नियम 2008 मध्ये आणला. दंड किरकोळ असतो, त्यापायी रडलेला अशील मी पाहिलेला नाही. हा नियम चावतो तो अपघात झाल्यावर.

कसा, ते सांगते. इटलीच्या दिवाणी संहितेचं कलम 2054 गाडीवाल्यावर भार टाकतं: अपघात टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हे त्याने सिद्ध करायचं. पण त्याच संहितेत 1227 हे कलम आहे. जखमी माणसाच्या चुकीचा नुकसानीत हात असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. त्यामुळे विमा कंपनीचं पत्र उघडलं की पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य सापडतंच: सायकलस्वाराच्या अंगावर जाकीट नव्हतं.

आमच्या अशिलाच्या पत्रातही ते होतं. पंचेचाळिशीचा माणूस, जालंधरकडचा. मी त्याला पाजी म्हणते, तो मला दीदी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॉलिहाऊसवरून परतताना मागून गाडीने उडवलं. खुबा मोडला, मांडीचं हाड दोन ठिकाणी. गावाच्या नावावर लाल तिरपी रेघ मारलेली पाटी, म्हणजे हद्द संपल्याची खूण, त्याने नुकतीच ओलांडली होती. गाडीवाल्याने पोलिसांना सांगितलं, अंधार होता, याच्या अंगावर काही नव्हतं. पोलीस पोचेपर्यंत रुग्णवाहिका निघून गेलेली, त्यामुळे पंचनाम्यात लिहिलं गेलं: जाकीट आढळलं नाही. कंपनीने निम्मी भरपाई कापायचा प्रस्ताव धाडला.

दुसरं एक लचांड होतं, ते थोडक्यात सांगून टाकते. कामावर जाता-येता झालेला अपघात इथे कामावरचाच धरतात आणि सरकारी विमा संस्था, इनाइल, त्याची भरपाई देते. 2015च्या एका कायद्याने सायकलवरून जाणं-येणंही त्यात निर्विवाद आलं. पण मालकाने पगारपत्रकात महिन्याचे चारच दिवस दाखवले होते आणि अपघाताचा दिवस त्यात नव्हता. ती लढाई वेगळी लढली गेली. जाकिटाशी तिचा संबंध नाही, पण असे मजूर कुठल्या कुठल्या आघाड्यांवर उभे असतात ते कळावं.

पाजी पहिल्या भेटीपासून सांगत होता, “दीदी, जाकीट मैंने पहनी थी.” गुरुद्वाऱ्यात कुणी स्वयंसेवकांनी वाटलेलं, पिवळं. वकीलबाई म्हणाल्या, मग ते आहे कुठे? मी त्याच्या खोलीवर गेले. एका घरात आठजण राहतात, कपाट सगळ्यांत मिळून एक. त्यात तळाशी हॉस्पिटलने दिलेली, गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. कुणी उघडलीच नव्हती. आत रक्ताने कडक झालेली पॅन्ट, एक बूट, आणि जाकीट, कात्रीने छातीवर उभं कापलेलं. अपघात विभागात कपडे काढत बसत नाहीत, कापतात. जाकिटाच्या आतल्या लेबलवर लिहिलं होतं, पंचवीस धुण्यांपर्यंत. फवारणीचा वास जात नाही म्हणून हा माणूस ते दर आठवड्याला धुवायचा. चंदेरी पट्ट्यांना भेगा गेलेल्या, काठ सुटलेले.

आम्ही खूश झालो. कंपनीचा सूर लगेच बदलला: असेल, पण पाठीवर सॅक होती ना? जाकीट सॅकखाली झाकलेलं होतं. म्हणजे नसल्यासारखंच.

मग दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहून घ्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी, आभाळ तसंच निरभ्र पाहून. मूळ रस्ता बंद करता येत नाही, म्हणून त्याला समांतर असलेल्या एका शेतकऱ्याच्या खासगी रस्त्यावर. गाडी त्याच मॉडेलची, सायकलही तशीच जुनी. सायकलवर बसायचं होतं आमच्या तज्ज्ञाच्या मदतनिसाला, पण तो सहा फुटांच्या वर. पाजीची उंची माझ्याएवढी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कराराच्या कुठल्या कलमात हे बसतं, असं मी विचारलंही, पण तोवर माझ्या पाठीवर सॅक चढली होती.

कंपनीचा तज्ज्ञ वयस्क, नम्र माणूस. तयारी करता करता त्याने डेन्मार्कचा दाखला काढला. तिथे जवळजवळ सात हजार सायकलस्वारांवर प्रयोग झाला होता, निम्म्यांना पिवळं जाकीट दिलं, निम्म्यांना नाही. जाकीटवाल्यांचे दुसऱ्या कुणाशी टक्कर होऊन जखमी होण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी निघाले. आमचा तज्ज्ञ म्हणाला, हो, पण स्वतःहून भाग घेणाऱ्यांनी आपले अपघात आपणच कळवले होते. आणि इटलीचं काय? 2010चा नियम आल्यावर अपघातांत सापडणाऱ्या सायकली कमी झाल्या का, ते बोलोन्याच्या गाब्रिएले प्राती या संशोधकाने राष्ट्रीय आकडेवारीवरून तपासलं. परिणाम दिसला नाही. दोघांचंही खरं होतं असं मला वाटतं. चांगलं जाकीट घालणाऱ्याला ते वाचवत असेल. पण घाला असा कायदा केला म्हणून माणसं ते घालतात, चांगलं घालतात आणि त्यावर सॅक लादत नाहीत, असं थोडंच आहे?

पहिली फेरी काळ्या जॅकेटवर. मला फक्त पाठीमागून वाढत येणारा उजेड आणि आवाज जाणवत होता, बाकी काही कळत नव्हतं. गाडी लांबच थांबणार हे माहीत असूनही मान आपोआप खांद्यात जात होती. नंतर कोरं जाकीट, नंतर जुनं जाकीट आणि वर सॅक. मग मदतनीस सायकलवर बसला आणि मला गाडीत बसवलं, जेणेकरून अशिलाला समजावून सांगता येईल.

दिसलं ते असं. काळे कपडे: साध्या खालच्या दिव्यांत माणूस फार उशिरा उमटतो, आणि गाडी ताशी 90 वर असेल तर सेकंदाला 25 मीटर सरकते, म्हणजे उमटला की संपलंच. कोरं जाकीट: लांबूनच चंदेरी पट्ट्या पेटल्यासारख्या. पण पिवळा रंग? राखाडी. मला आश्चर्य वाटलं. आमच्या तज्ज्ञाने सांगितलं, तो भडक पिवळा दिवसा आणि तिन्हीसांजेला काम करतो, कारण तो उन्हातल्या अतिनील किरणांवर चालतो. गाडीच्या दिव्यात ते जवळपास नसतात. रात्री काम करते ती फक्त पट्टी, आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवणारी. सॅक चढवली की पट्ट्यांचे खांद्यावर दोन तुकडे उरतात, आणि भेगाळलेल्या पट्टीचे तेही मिणमिणते.

शेवटी त्याने मदतनिसाच्या दोन्ही घोट्यांना चिकटपट्टीचे चमकते पट्टे बांधले. ही फेरी दाव्यासाठी नव्हती, त्याच्या हौसेखातर होती. आणि तीच मला सगळ्यांत पटली. दोन ठिणग्या आळीपाळीने वर-खाली होत होत्या. कुणी सांगायची गरजच नव्हती की हा माणूस आहे आणि पायडल मारतोय. पाठीवरची पट्टी खांबही असू शकते. ऑस्ट्रेलियात यावर बरंच काम झालंय म्हणे. कायद्यात घोट्यांचा शब्द नाही. सांगलीत गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावा म्हणून दरवर्षी मोहीम निघते, तेव्हा शेवटची मोळी रिफ्लेक्टरवर लोंबत असते. तोच प्रकार.

खरा धक्का मात्र फेऱ्यांच्या सुरुवातीलाच बसला होता, पण त्याचा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पहिल्या फेरीला आमच्या तज्ज्ञाने घड्याळात बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “कायदा अजून सुरू झालेला नाही.”

पंचनाम्यात अपघाताची वेळ ‘सुमारे 17:20’ होती, म्हणजे पोलीस पोचले त्याच्या आसपासची. आपत्कालीन फोनची नोंद वकीलबाईंनी मागवली होती, ती नेमकी त्याच दुपारी आली. पहिला फोन 17:05 ला. या भागात त्या आठवड्यात सूर्य मावळतो 16:38 ला. अर्धा तास मिळवला की 17:08. अपघात फोनच्या आधी झाला, हे उघडच. म्हणजे जाकिटाची सक्ती लागू व्हायला निदान तीन मिनिटं बाकी होती. सॅकखाली असो, कपाटात असो, नाहीतर मुळात नसो, 9-बिसचा भंग झालेलाच नव्हता.

कंपनीच्या तज्ज्ञाने नोंद वाचली, पुन्हा वाचली, चष्मा पुसला. मग म्हणाला, “पण दिसत तर नव्हताच ना.”

तेही खरं होतं. 17:05 ला मी त्या सायकलवर बसले होते. पश्चिमेला डोंगराच्या कडेला जरा उजेड होता, रस्त्यावर नव्हता. तीन मिनिटांनी डोळ्यांना काहीच फरक पडत नाही. तोच माणूस, तीच गाडी, तेच धुऊन धुऊन विटलेलं जाकीट, आणि फोन 17:12 ला गेला असता तर त्याच्या भरपाईतून हजारो युरो कमी झाले असते. मी जाकिटाच्या विरोधात नाही. त्या आठवड्यात मी स्वतःसाठी एक घेतलंही, घोट्यांच्या पट्ट्यांसकट. मला खटकतो तो प्रश्नांचा क्रम. पोलीस, विमा कंपनीचा डॉक्टर, कंपनीचा वकील, जो भेटेल त्याने पाजीला पहिलं विचारलं ते जाकीट. गाडीचा वेग किती होता, हे लेखी पहिल्यांदा विचारलं ते आमच्या तज्ज्ञाने, अपघाताला वर्ष होत आल्यावर, ब्रेकच्या खुणांचे फोटो मोजून. रस्त्याला कड का नाही, हे तर कुणीच विचारलं नाही. ते विचारायला कुठल्या फॉर्ममध्ये रकानाही नाही.

कंपनीने नंतरच्या पत्रात जाकिटाचा मुद्दा सोडला आणि त्याजागी ‘सर्वसाधारण सावधगिरी’ आणली. निम्म्यावरून कपात पाचव्या हिश्श्यावर आली. वकीलबाईंचं मत होतं कोर्टात जावं, तीही निघून जाईल. मी पाजीला दोन्ही बाजू सांगितल्या, किती वर्षं लागू शकतात तेही. त्याने विचारलं, पैसे मार्चपर्यंत मिळतील का? इटलीत येण्यासाठी दलालाला द्यायला काढलेलं कर्ज अजून गावात उभं होतं आणि राहण्याचा परवाना नवा करायचा होता. त्याने सही केली. पैसे एप्रिलमध्ये आले.

आता वाकायचं काम त्याला जमत नाही, पॅकिंग शेडमध्ये मुळ्याच्या जुड्या बांधतो. सायकल विकली. एकाच्या व्हॅनमधून जातो, रोजचे पाच युरो तो व्हॅनवाला मजुरीतून कापून घेतो.