कव्हर कुणाचं, गाणं कुणाचं?

“स्प्रिंगस्टीनने पॅटी स्मिथचं ‘बिकॉज द नाइट’ काय मस्त कव्हर केलंय!” आज कुणीतरी हे अगदी ठामपणे म्हणालं. (दोघेही अमेरिकन रॉक गायक; कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात गाणं.) तेव्हापासून डोक्यात तेच.

उलटं आहे हो! चाल आणि ध्रुवपद स्प्रिंगस्टीनचंच. अर्धवट पडलेल्या गाण्याची टेप निर्माता जिमी आयोव्हीनने पॅटीकडे पोचवली. कडवी तिने लिहिली आणि १९७८च्या तिच्या ‘ईस्टर’ अल्बममध्ये गाणं आलं. स्वतः स्प्रिंगस्टीन मात्र मैफलीत ते वेगळ्या कडव्यांनी गात राहिला. म्हणून आधी पॅटीचं ऐका, मग स्प्रिंगस्टीनच्या ‘लाइव्ह १९७५–८५’ या मैफलींच्या अल्बममधलं. स्टुडिओतलं हवं असेल तर ‘द प्रॉमिस’, २०१०. ध्रुवपद तेच, पण कडव्यांत माणूसच बदलतो.

आणि ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’? स्प्रिंगस्टीनचं १९९५चं मूळ गाणं जवळजवळ कुजबुजतं. १९९७ मध्ये रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडने ते पेटवलं. पुढे त्यांचाच गिटारवादक टॉम मोरेलो स्प्रिंगस्टीनसोबत मंचावर उभा राहिला, आणि स्प्रिंगस्टीनच्या २०१४च्या ‘हाय होप्स’ अल्बममध्ये दोघांनी ते साडेसात मिनिटांचं केलं. त्यात मोरेलोच्या गिटारची जी खरखर ऐकू येते, ती डीजेच्या टर्नटेबलची (रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकडीची) नाही. गिटारवर तारांचा आवाज टिपणारे दोन पिकअप असतात; एकाचा आवाज शून्यावर, दुसऱ्याचा पूर्ण. एक हात तारांवर घासतो, दुसरा पिकअप बदलणारा टॉगल स्विच खटखटवतो. हेडफोनवर नीट कळतं. (फोनच्या स्पीकरवर नुसता गोंगाट.)

‘बेस्ट ऑफ’ ऐकून थांबणाऱ्यांच्या हाती यातलं काय लागतं?