शेवटच्या खेळाला मागच्या दाराशी

मे २०२५ मध्ये 'फायनल डेस्टिनेशन ब्लडलाइन्स' हा भयपट लागला, तेव्हा त्याला मी आमच्या थिएटरातली सगळ्यात लहान स्क्रीन दिली. कुठल्या सिनेमाचे किती खेळ लावायचे, हे ठरवणं माझं काम. 'फायनल डेस्टिनेशन' मालिकेचा पहिला भाग २००० सालचा, पाचवा २०११ चा, आणि त्यानंतर चौदा वर्षं शुकशुकाट. त्यात २०२३ मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट: बिलिव्हर'नं पोळलेलं होतं. मूळ 'द एक्झॉर्सिस्ट'मधली आई झालेली एलन बर्स्टिन पन्नास वर्षांनी त्याच भूमिकेत परतणार म्हणून मी भरपूर खेळ लावले होते. पण सिनेमानं तिला आणलं, आंधळी केलं आणि बाजूला बसवलं. दुसऱ्या आठवड्यात रांगाच्या रांगा रिकाम्या. जुना चेहरा आणला म्हणून जुनी भीती येत नाही.

'ब्लडलाइन्स'ची लहान स्क्रीन मात्र दुपारीच भरली. रात्रीच्या शेवटच्या खेळाला मी आत जाऊन मागच्या दाराशी उभी राहिले. भयपट भिडला आहे की नाही, हे मला प्रेक्षकांच्या पाठींवरून कळतं.

साठच्या दशकातला उंच मनोरा, वर रेस्टॉरंट, नाचायला काचेची जमीन. एका पोराच्या हातातलं नाणं. काचेला पहिली चीर गेली आणि शेवटून तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. ते तिनं बराच वेळ खाली सोडलेच नाहीत. पहिला भाग आला तेव्हा ती जन्मलेलीही नसावी.

या मालिकेत मुखवटेवाला खुनी नाहीच, मृत्यूच माणसं वेचत जातो. त्याला वय होत नाही. आणि या भागानं उशीर लपवला नाही, कथेतच मुरवला. त्या मनोऱ्यावर मरायची होती ती माणसं वाचली, त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली. जन्मायलाच नको होती अशी सगळी आता मृत्यूच्या यादीत. इतक्या वर्षांची ही थकबाकी पहिल्या भागाला मांडताच आली नसती. २०१८ च्या 'हॅलोवीन'लाही हेच साधलं होतं. मधले सगळे भाग बाजूला सारून त्यानं पहिल्या भागात खुन्याच्या हातून वाचलेल्या लॉरीची चाळीस वर्षांची धास्ती समोर ठेवली. उशिरा यायचं तर मधल्या वर्षांचं काय झालं, ते सांगावंच लागतं.

मग पडद्यावर अभिनेता टोनी टॉड आला. पहिल्या भागापासूनचा तो शवागारातला माणूस, आता पार खंगलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो गेला, सिनेमा लागायच्या आधीच. निरोपाचं बोलणं दिग्दर्शकांनी त्याला त्याच्याच शब्दांत बोलू दिलं होतं. तो बोलत होता तेवढा वेळ सभागृहात कुणी हललं नाही, पिशवीसुद्धा वाजली नाही. माझा गळा दाटून आला. मघापासून किंचाळणारी माणसं एका म्हाताऱ्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकताना मी फार कमी वेळा पाहिली आहेत.

खेळ सुटल्यावर ती मुलगी दाराशी थांबली.

"ताई, ते खरंच गेले का हो?"

मी हो म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"मग आधीचे भाग कुठून बघायला सुरुवात करू?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. "विमानाचा आहे तो."

ऑफिसात येऊन मी दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक उघडलं आणि सिनेमा मोठ्या स्क्रीनवर हलवला.