मे महिन्यातली रेघ

सुनावणी सकाळी अकराची होती. आदल्या रात्री हॉटेलवाल्यांच्या सल्लागारांचा फोन आला, "नकाशाची मूळ प्रत घेऊन या, मागे बसून राहा, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

मी एकोणीस वर्षं जमिनी मोजतोय. नऱ्ह्यात छोटं ऑफिस आहे, एक टोटल स्टेशन, एक जुनं ऑटो लेव्हल आणि हाताखाली दोन पोरं. कधी बिल्डरचं काम, कधी आर्किटेक्टचं, कधी भावाभावांच्या वाटण्या. नकाशा सही करून दिला की आमचं काम संपतं. त्या नकाशावर पुढे काय उभं राहतं, कुठे सुनावणी होते, हे बघायला सर्वेअर जात नाही. मीही पहिल्यांदाच गेलो.

गावाचं आणि तलावाचं नाव लिहीत नाही, कारण निर्णय अजून लागलेला नाही. २०२१ साली जी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांतलं एक, शहराच्या दक्षिणेला. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. त्याच्या काठावर बावीस मजली हॉटेल आणि खाली तीन मजले तळघर, असा प्रस्ताव. जमीन ना-विकास विभागातली, ती व्यापारी विभागात घ्यायची. विभाग बदलायचा तर १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवून लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. पर्यावरण मंजुरीच्या वेळी ही संधी नसते; २००६ च्या अधिसूचनेत इमारतींच्या प्रकल्पांना लोकसुनावणीतून सूट आहे. म्हणजे गावाला बोलायला मिळणार ते इथेच आणि एकदाच. लोकांना हे कुणीतरी नीट समजावलेलं असावं, कारण पावणेअकरालाच बसायला जागा उरली नव्हती. बायका भिंतीला टेकून खालीच बसल्या होत्या.

आधी तलावाच्या पलीकडच्या सोसायट्यांमधली मंडळी बोलली. तयारी चांगली होती. रस्ता नऊ मीटरचा, त्यावर शेकडो गाड्या कशा मावणार? सांडपाणी शुद्ध करून सोडणार म्हणता, पण ते यंत्र बंद पडलं तर पाणी कुठे जाईल? पाषाण तलावाची जलपर्णी आठवा, असं एकजण म्हणाले. एका ताईंनी तलावावरच्या पक्ष्यांची वही आणली होती. टिबुकली, हळदीकुंकू, चांदवा, पाणकावळा. महिन्याप्रमाणे नोंदी होत्या, सहा वर्षांच्या.

मग गावातला एक तरुण उठला आणि त्यानं प्रकल्पाच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली. मागून ओरडा झाला, पण तो बसला नाही. "शेती उरलीये कुठे? विकून झाली. मी बारावी शिकून टेम्पो चालवतो. हॉटेल झालं तर कामाला तरी लागू. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून तळं बघता, आम्ही काय बघायचं?" त्याला उत्तर कुणी दिलं नाही. ते द्यायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

सल्लागार शांतपणे उत्तरं देत होते. हा तलाव मानवनिर्मित आहे, सिंचनासाठी बांधलेला आहे, त्यामुळे २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत तो येत नाही. हे बरोबर आहे, त्या नियमांच्या व्याख्येतूनच असे तलाव वगळलेले आहेत. आणि तरीही आम्ही पाण्याच्या काठापासून तीस मीटर मोकळे सोडलेत, असं ते म्हणाले. पडद्यावर नकाशा आला. माझा नकाशा. निळी रेघ, तिच्यापासून तीस मीटरचा हिरवा पट्टा आणि त्यामागे हॉटेलचा चौकोन.

त्याच वेळी पक्ष्यांच्या वहीवाल्या ताई पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात हॉटेलचं छापील माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठावर सूर्यास्त, काठोकाठ भरलेलं तळं, पलीकडे डोंगर. त्या पडद्याजवळ गेल्या आणि ते चित्र नकाशाशेजारी धरलं.

"या चित्रात पाणी बाभळींच्या रांगेला लागलंय. नकाशात बाभळींची रांग पाण्यापासून केवढी लांब आहे बघा. आणि हॉटेल आहे बाभळींच्या अलीकडे, पाण्याच्या बाजूला. यातलं खरं तळं कुठलं?"

माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही खरी होती. चित्र पावसाळ्याच्या अखेरचं होतं. नकाशा मे महिन्यातला होता.

पाझर तलावाचं काम पाणी साठवून ठेवायचं नसतं, मुरवायचं असतं. खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा कातळ. त्या भेगांतून पाणी सरकत सरकत बांधाखालच्या विहिरींना लागतं. म्हणून चांगला पाझर तलाव उन्हाळ्यात खाली जातोच, त्याचं पाणी मे महिन्यात विहिरींत असतं. अशा तलावाचा काठ मे महिन्यात मोजणं म्हणजे धान्य दळायला गेल्यावर कणगी मोजण्यासारखं आहे. मला हे कळत नव्हतं असं नाही. मला सांगितलं होतं, "सध्याची पाण्याची कड घ्या." मी घेतली.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारे उठले. पांढरा सदरा, टोपी, काठी. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"साहेब, हे मोजलं कुणी?"

"परवानाधारक सर्वेअरनं," सल्लागार म्हणाले.

"ते आल्यात का?"

सल्लागारांनी वळून पाहिलं नाही. मी हात वर केला. का केला, माहीत नाही. बहुधा त्यांनी 'आल्यात का' असं आदरानं विचारलं म्हणून.

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दादा, सांडव्यावर पट्टी लावली होती का?"

सभागृहातल्या बऱ्याच जणांना प्रश्नच कळला नाही. मला कळला. सांडवा म्हणजे तळं भरलं की जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. पट्टी म्हणजे स्टाफ, तांबड्या-काळ्या आकड्यांची उंच फळी. एकानं उभी धरायची आणि दुसऱ्यानं लेव्हलच्या दुर्बिणीतून वाचायची. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी आबांना विचारलं, तुम्हाला याची माहिती कशी. आबा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात हे तळं आम्हीच बांधलं. आई खडी फोडायची, सुकडी मिळायची. मी बारा-तेराचा. ओव्हरसियर साहेबांची पट्टी मी धरायचो. ते म्हणायचे, पोरा, सांडव्याचा माथा म्हंजे तळ्याचा काठ. त्याच्या खालचं सगळं पाण्याचं."

इथे मला जे ठाऊक होतं ते सांगतो. मी सांडव्यावर पट्टी लावली होती. त्या साइटवर सरकारी बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेली पक्की खूण, जवळपास नव्हता, म्हणून सांडव्याच्या माथ्यावरचा घडीव दगडच मी माझा बेंचमार्क धरला आणि त्याला १००.००० अशी पातळी दिली. सगळी मोजणी तिथूनच निघाली. मे महिन्यातल्या पाण्याच्या कडेची पातळी निघाली ९७.९०. पहिल्या नकाशात मी १०० ची समपातळी रेषा, म्हणजे तळं भरल्यावरचा काठ, तुटक निळ्या रंगात काढलीसुद्धा होती. सल्लागारांच्या ऑफिसातून निरोप आला, "ही रेघ लागत नाही, गोंधळ होतो, काढून टाका." कॉम्प्युटरवर ती एका वेगळ्या लेअरवर होती. एक टिचकी मारली आणि ती दिसेनाशी झाली. आणखीही एक गोष्ट होती. सात-बारावर त्या गटाचं निम्मं क्षेत्र 'पोटखराब ब' मध्ये होतं. तळी, रस्ते, स्मशानं अशा सार्वजनिक कामाला लागलेली जमीन त्या रकान्यात जाते. ते वाचूनही मी काही बोललो नव्हतो. माझं काम मोजायचं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. चूक माझी होती, आणि ती अजाणता झालेली नव्हती.

"लावली होती," मी म्हणालो.

"मग फरक किती आला?"

फील्डबुक पिशवीत होतं. काढायची गरज नव्हती, पण काढलं, पान उघडलं आणि वाचलं. सांडवा माथा शंभर. पाण्याची कड सत्त्याण्णव पूर्णांक नव्वद. फरक दोन मीटर दहा सेंटीमीटर.

अधिकारी म्हणाले, "दोन मीटरच ना?"

"उभा फरक आहे, साहेब. त्या बाजूला जमीन फार सपाट आहे, उतार चाळीसास एक. दोन दहा गुणिले चाळीस, चौऱ्याऐंशी मीटर. तळं भरलं की पाणी या निळ्या रेघेपासून चौऱ्याऐंशी मीटर आत येतं. हॉटेल तीस मीटरवर सुरू होतं आणि सत्तर मीटरवर संपतं."

एवढं बोलताना माझा घसा कोरडा पडला होता. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. फक्त भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी एक शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हंजे पाण्यातच की."

सल्लागारांनी मग माइक घेतला. तिथे अडीच मीटर भराव टाकून जोतं उंच घेणार आहोत, त्यामुळे हॉटेलला धोका नाही, असं ते म्हणाले. हॉटेलला नसेलही. पण आबा अजून उभेच होते. "भराव टाकला तर तिथलं पाणी कुठं जाईल, साहेब?"

या प्रश्नाला पुण्यात फार समजावून सांगावं लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या तलावाखाली आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं, हे तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एका बाईंचे दीर टांगेवाले कॉलनीजवळ राहायचे. त्या उठल्या, "त्या रात्री," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यानंतर विहिरीवाल्या शेतकऱ्यांनी तळघराचा विषय काढला. तीन मजले खाली खणायचं म्हणजे महिनोन्‌महिने पंप लावून खड्ड्यातलं पाणी उपसायचं. ते पाणी म्हणजे त्यांच्याच विहिरींचं. त्यावर सल्लागारांकडे तयार उत्तर नव्हतं.

बाकीची सुनावणी दोन तास चालली. पुष्कळसं तेच ते होतं, लिहीत नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी नोंद करून घेतली: तलाव पूर्ण भरलेला असताना, ग्रामस्थांच्या आणि पाटबंधारे खात्याच्या प्रतिनिधींसमोर संयुक्त मोजणी करावी, सांडव्याच्या माथ्याची रेषा नकाशावर दाखवावी, तोवर प्रस्ताव पुढे जाणार नाही. फार मोठा विजय नव्हे. फाइल बंद झालेली नाही. पण ती रेघ आता कागदावर येणार होती, आणि या वेळी कुणी टिचकी मारून ती घालवू शकणार नव्हतं.

जिन्यात सल्लागार भेटले. रागावले नाहीत. "पुढची कामं दुसऱ्याकडे देतो," एवढंच म्हणाले. त्या कामाचे राहिलेले पैसे मला अजून मिळालेले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

खाली आबा बसची वाट बघत उभे होते. म्हणालो, गाडीवर बसा, सोडतो. गावात पोचल्यावर ते म्हणाले, "घरी नगं. तळ्यावर चला."

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, सकाळी सर येऊन गेली होती. सांडव्यावरून बोटभर पाणी वाहत होतं, आवाज न करता, घडीव दगडांवरून. मी मे महिन्यात ज्या दगडावर पट्टी ठेवली होती, तोच दगड पाण्याखाली चमकत होता. आम्ही बांधावरून फिरून हॉटेलच्या बाजूला आलो. माहितीपत्रकातल्या बाभळी. पाणी त्यांच्या बुंध्यांना लागलं होतं.

मे महिन्यात हॉटेलच्या चार कोपऱ्यांवर मी खुंट्या ठोकल्या होत्या, डोक्याला लाल रंग लावून. त्यांतली एकही दिसत नव्हती. गाडीला बांधलेली पट्टी मी सोडून घेतली. आबांनी धोतर वर खोवलं, काठी माझ्या हातात दिली आणि पट्टी घेऊन पाण्यात उतरले. मी नको नको म्हणत होतो. बाभळींपासून बारा-पंधरा मीटर आत गेल्यावर ते थांबले, पायानं चाचपडू लागले.

"हितं हाय. खुंटी."

तळ्यापासून सगळ्यात लांबच्या, मागच्या कोपऱ्याची खुंटी. तिचं डोकं वीतभर पाण्याखाली होतं.

त्यांनी पट्टी खुंटीशेजारी जमिनीवर टेकवली आणि सरळ धरली, दोन्ही तळहात दोन्ही कडांना, बोटं आकड्यांवर न येऊ देता. माझ्या पोरांना हे शिकवायला मला वर्ष लागलं होतं.

"वाचा," आबा म्हणाले.

पाण्याची रेषा पट्टीवर स्थिर झाली तेव्हा मी वाचलं. शून्य पूर्णांक अडतीस. मग फील्डबुक काढलं, तारीख घातली आणि लिहून घेतलं.