उगवलंच नाही का उगवून मेलं?

परवा कामानिमित्त आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलेलो, काम तासाभरात उरकलं आणि ओहोटी होती म्हणून खडकांवर जाऊन बसलो. चप्पल काढून चढलो नि तळव्याला जे खरचटलं, ते बार्नेकल. दिसायला बारके ज्वालामुखी, शिंपल्यातलेच वाटतात, पण नातं खेकडा-कोळंबीशी. एका खडकावर मोबाईलएवढ्या जागेत मोजले तर ६० च्या वर, आणि चार पावलांवरच्या खडकावर फक्त ७! म्हटलं ती जागाच वाईट असणार, जगत नसतील तिथं.

घरी आल्यावर दाजींना फोटो दाखवले. दाजींचा नदीकाठी ऊस आहे, आणि उसाच्या ओळीत मधेच रिकामी जागा राहिली की तिला तुटाळ म्हणतात. ते म्हणाले, "तुटाळ पडली म्हणून लगेच रान वाईट व्हय? उगवलंच नाही का उगवून मेलं, आधी ते बघ की."

मग रात्री वाचत बसलो. बार्नेकलची पिल्लं आधी समुद्रात तरंगत फिरतात, शेवटच्या टप्प्यात खाणं बंद आणि फक्त जागा शोधायची, शक्यतो आपली जमात जिथं आधीच बसलीय तिथं, मग डोकं खाली करून चिकटलं की जन्मभर तिथंच. १९६१ मध्ये जोसेफ कॉनेलनं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा अभ्यास छापला, त्यात बारक्या जातीची पिल्लं खालच्या खडकांवरही बसत होती पण मोठी जात त्यांच्यावर चढून, उचकटून मारायची, मोठे काढून टाकले की बारके तिथंही जगायचे. म्हणजे उगवून मेलेलं. पण १९८५ मध्ये गेन्स आणि रफगार्डन यांनी कॅलिफोर्नियात वेगळंच दाखवलं, की पिल्लांची आवक कमी असेल (गूळ मार्केटमुळं मला हाच शब्द सुचतो) तर दाटी त्या आवकेवरच ठरते, आणि आवक भरपूर असली की मग जागेची मारामारी सुरू, वर तारामासे येऊन ताव मारतात ते वेगळंच.

मेलेला बार्नेकल निघून गेला तरी कधीकधी बुडाची पांढरी गोल खूण राहते. फोटो झूम केला तर त्या ७ वाल्या खडकावर अशा खुणा जेमतेम दोनच. दाजी म्हणाले "बघ, बेणंच पोचलं नाही." पण लाटांनी खुणा घासूनही जातात की, एका फोटोवर कसं सांगणार? आता पुढच्या खेपेला दोन्ही खडकांवर ऑइलपेंटचा ठिपका मारून येणार आहे, म्हणजे दर खेपेला नेमक्या त्याच जागेचा फोटो काढून किती नवे बसले नि किती मेले ते मोजता येईल.