छोटी क्रूझ आणि रात्रीचं टेबल

छोट्या, म्हणजे मोजक्या रात्रींच्या क्रूझवर निघणाऱ्यांनी माझी एक गोष्ट ऐकावी, ती म्हणजे रात्रीचं जेवण बुफेत उरकू नये. मोठ्या डायनिंग रूममध्ये, टेबलावर बसून, सगळ्यांनी एकत्र जेवावं. आम्ही आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलं असे तीन पिढ्यांचे लोक गेलो होतो. दिवसभर कोण कुठल्या डेकवर असायचं याचा पत्ता नसायचा. मुलं पाण्याच्या घसरगुंडीवर, बाबा रेलिंगपाशी खुर्ची टाकून, आई वाचनालयात. सगळे समोरासमोर यायचे ते जेवायलाच, आणि त्या तासा-दीड तासासाठी ही सुट्टी सार्थकी लागली असं मला मनापासून वाटतं.

आता सुरुवातीपासून सांगतो. बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला बऱ्याचदा संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, पासपोर्ट, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड ठेवा. इस्त्री, पाणी तापवायची किटली, सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला वीजदाब अडवणारा भाग) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड असल्या वस्तू आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. तपासणीत सापडल्या की काढून ठेवतात, त्या उतरतानाच परत मिळतात.

जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या नव्वद टक्के मंडळी वरच्या डेकवरच्या बुफेकडे धाव घेतात. तिथे ताट घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं. बऱ्याच जहाजांवर पहिल्या दुपारी डायनिंग रूमही उघडी असते, फक्त ते कुणी मोठ्याने सांगत नाही. आम्ही दारावरच्या माणसाला विचारलं आणि खिडकीजवळ निवांत बसून जेवलो. जेवता जेवताच रात्रीच्या टेबलाचं बोलून घेतलं. ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल घ्यायचं, की हवं तेव्हा जायचं, असे साधारण दोन पर्याय असतात. बरोबर लहान मुलं आणि वयस्क माणसं असतील तर ठरावीक टेबल आणि लवकरची, म्हणजे सहाच्या आसपासची वेळ घ्या. रोज तेच वेटर असतात. दुसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आत आईसमोर गरम पाणी आलं होतं आणि धाकट्याच्या ताटाशेजारी लहान काटा-चमचा. अशी आपुलकी बुफेत मिळत नाही.

कुणाला शेंगदाणा, दूध, गहू असं काही चालत नसेल, किंवा घरात पूर्ण शाकाहारी माणूस असेल, तर ते बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगा. आमच्या लेकीला सुकामेवा चालत नाही. मुख्य वेटर रोज जेवण संपताना उद्याचा मेनू तिच्यासमोर ठेवायचा, ती बोट ठेवेल तो पदार्थ दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळा व्हायचा. मेनूत नाही म्हणजे मिळणार नाही, असं समजून गप्प बसू नका. विचारा.

खाण्याबद्दल आता जरा हात सैल सोडून लिहितो. डायनिंग रूममध्ये वाढप बेताचं असतं, आणि ते तसंच हवं. सूप, सॅलड, मुख्य पदार्थ, गोड असा क्रम असतो. एखादी गोष्ट आवडली तर दुसऱ्यांदा मागता येते, दोन स्टार्टर मागवून टेबलावर वाटून खाता येतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मेनूत एखाद्या पदार्थापुढे रक्कम छापलेली असेल तर तेवढाच जादा दराचा.

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त बोलणं झालं ते थंडगार स्ट्रॉबेरी सूपवर. उथळ वाटीत फिक्या गुलाबी रंगाचं, वरून पुदिन्याचं एक पान. आईने चमचा आधी नाकाजवळ नेला. "हे सूप आहे की गोड आधीच आणून ठेवलंय?" तिने विचारलं. मग एक चमचा घेतला, थांबली, आणि बाबांची वाटी स्वतःकडे ओढली. बाबा म्हणाले, "अगं, मला निदान चव तरी घेऊ दे." दुसऱ्या रात्री कांद्याचं फ्रेंच सूप होतं. खोल मातीच्या भांड्यात ब्रेडचा तुकडा, त्यावर भट्टीत भाजून कडेने तपकिरी झालेलं चीज. चमच्याने ते कवच फोडलं की आतून वाफ आणि खूप वेळ परतलेल्या कांद्याचा गोडसर वास येतो. मुख्य पदार्थांत भाजलेला सॅमन मासा उत्तम होता, बाहेरून कुरकुरीत आणि आत ओलसर. मशरूमचा रिसोटो, म्हणजे इटालियन मऊ भात, त्याहून चांगला. स्टेक मात्र शेकडो लोकांसाठी एकाच वेळी भाजतात, तेव्हा तो सुमारच निघतो. गोडात मधोमध वितळलेलं चॉकलेट असलेला गरम केक मागवा. चीजकेक सोडून दिलात तरी चालेल.

पैसे भरून जायची वेगळी रेस्टॉरंटंही असतात. एवढ्या कमी रात्री हातात असताना त्यातली एक तिकडे घालवू नये, असं माझं मत. जायचंच असेल तर दुपारच्या जेवणाला जा, काही जहाजांवर तेव्हा दर कमी असतो.

बुफे वाईट नव्हे, त्याची वेळ सकाळची. ऑम्लेटच्या काउंटरवर तुमच्यासमोर करून देतात. कांदा, टोमॅटो, पालक, चीज, काय हवं ते सांगायचं. नऊच्या सुमाराला तिथे लांब रांग लागते, साडेसातला कुणी नसतं. दुपारी पास्ता करून देणारा काउंटर बघून ठेवा, मुलांना सॉस स्वतः निवडायला फार आवडतं. आणि बुफेत शिरताना साबण लावून हात नीट धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस असू शकतो, त्याच्यावर नुसतं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही. दारातल्या बेसिनकडे दुर्लक्ष करून पुढे जाणारी माणसं बघून जीव कळवळतो, कारण एक आजारी पडला की पूर्ण केबिनची सुट्टी गेली.

एका सकाळी स्वयंपाकघर दाखवायला नेलं. तुमच्या जहाजावर अशी सोय असेल तर चुकवू नका. तिथे उघडी ज्योत कुठेच नाही, आगीच्या धोक्यामुळे सगळं विजेवर चालतं. टेबलांच्या आणि शेल्फांच्या कडा वर उचललेल्या, म्हणजे जहाज हललं तरी भांडी घसरत नाहीत. कच्चं मांस, मासे आणि भाज्या यांच्या खोल्या वेगवेगळ्या. उरलेल्या अन्नाचंही ऐकण्यासारखं आहे. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारीक दळलेलं, म्हणजे २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल असं अन्नच किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतं, न दळलेलं १२ मैलांपलीकडे. काही राखीव समुद्रांत नियम याहून कडक. हे ऐकल्यावर मुलांनी ताटात टाकणं खरोखर कमी केलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

निघण्याच्या सुमाराला सुरक्षेची कवायत होते, तिला मस्टर ड्रिल म्हणतात. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया जहाजाला अपघात झाला, त्यानंतर नियम बदलला आणि आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आपापल्या जमण्याच्या जागी जायचं. मुलांना तिथपर्यंतचा जिना चालवून दाखवा, अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते.

बोट लागण्याची भीती असेल तर केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बाबांना एका दुपारी अस्वस्थ वाटलं, तर वेटरने हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं आणून दिली आणि क्षितिजाकडे बघत बसायला सांगितलं. तासाभरात ते उठून जेवायला आले.

बंदराविषयी फार लिहीत नाही, ते प्रत्येक मार्गावर वेगळं. एवढंच लक्षात ठेवा की परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरतात आणि ती सुटण्याच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाजावरची फळं खाली नेऊ नका, बऱ्याच देशांत त्यावर दंड होतो. समुद्रात फोन विमान मोडवरच असू द्या. जहाजाचं उपग्रह नेटवर्क आपोआप जोडलं गेलं की बिल भरमसाट येतं.

खर्चाचं म्हणाल तर तिकिटात जेवण, साधं पाणी, चहा, कॉफी आणि बहुधा नाश्त्याचा ज्यूस येतो. शीतपेयं, दारू, छायाचित्रं, इंटरनेट हे वेगळं. सेवाशुल्कही बऱ्याचदा दर माणशी दर दिवशी जहाजावरच्या तुमच्या खर्चाच्या खात्यात आपोआप चढतं, लहान मुलांचंसुद्धा, ते आधीच हिशेबात धरा. दारूचं पॅकेज घेताना नियम वाचा. अनेक कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यायला लावतात, आणि छोट्या सफरीत तेवढं पिऊन होत नाही.

शेवटच्या रात्री जेवायला जायच्या आधीच बॅगा भरा, म्हणजे टेबलावर घाई होत नाही. बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि औषधं बाहेर काढून ठेवा. खात्याचा हिशेब त्याच रात्री टीव्हीवर किंवा ॲपमध्ये तपासा. सकाळी काउंटरवर मोठी रांग असते. आणि उतरायच्या दिवशीही डायनिंग रूममध्ये नाश्ता मिळतो का, ते वेटरला विचारून ठेवा. आम्हाला मिळाला, आणि बुफेत लोक बॅगा सांभाळत उभे असताना आईला तिचं गरम पाणी न मागता मिळालं.